मुंगीचा माग आणि पावडरीची पुडी

(जिल्हा बैठकीत महिला सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जिल्ह्याच्या बैठकीत कांद्याचा भाव, उसाचं थकलेलं बिल, दुधाचा दर, विजेची तोडणी असे विषय निघतात. त्यांच्या रांगेत आम्ही श्रीगोंदा तालुक्यातल्या बाया मुंगीचा विषय घेऊन उभ्या राहिलो, तेव्हा मागच्या ओळीत हसू झालं. हसायला हरकत नाही. आमच्या तालुक्याच्या बैठकीतही लोक आधी हसलेच होते. मग आम्ही एकच प्रश्न विचारला, की तुमच्या घरात मुंगीसाठी आणलेली पावडर कुठे ठेवलेली आहे? कुणी सांगितलं, चुलीच्या वरच्या फळीवर. कुणी म्हणालं, देवळीत, चहाच्या जुन्या डब्यात. एकीने सांगितलं, पोराच्या अंगाला लावायच्या पावडरीचा डबा रिकामा झाला होता, त्यात भरून ठेवली आहे. त्यानंतर कुणी हसलं नाही.

आपला नगर जिल्हा, आता सरकारी कागदावर अहिल्यानगर, हा साखरेचा जिल्हा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग जिल्हाभर धुराडी उभी राहिली. साखर करणाऱ्याच्या घरात मुंगी येणारच. ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्याच्या कणगीलाही ती लागणारच. आमच्या सासवा वारुळावर मूठभर पीठ घालायच्या. त्याला पुण्य म्हणायच्या. मुंगीला बाहेर पोटभर मिळालं तर ती घरात कमी येते, हा हिशेबही त्यात असेल. मग पिठाची मूठ गेली आणि पावडरीची पुडी आली.

त्या पुडीने आमच्या वस्तीवर काय केलं ते सांगतो. ज्वारी कणगीत भरायचे दिवस होते. एका घरी मुंग्यांची रांग लागली म्हणून घरधन्याने बाजारातून कागदाच्या पुडीत सुटी पावडर आणली. पुडीवर नाव नाही, चित्र नाही, काही नाही. काय आहे विचारलं तर उत्तर मिळालं, "मुंगीची पावडर." घरच्या बाईने हातानेच ती कणगीभोवती टाकली, उंबऱ्यालाही रेघ ओढली. दुपारी शेळी आत शिरली आणि कणगीच्या बुडाशी सांडलेले दाणे चाटून गेली. दिवस मावळायच्या आत तिच्या तोंडाला फेस आला, पाय लटलटायला लागले आणि ती गेली. घरची माणसं शेळीसाठी हळहळली. आम्ही सगळ्या त्या कणगीच्या बुडाकडे बघत उभ्या होतो. त्या घरात दहा महिन्यांचं रांगतं पोर होतं. पोराच्या आधी शेळी तिथे पोहोचली, एवढाच काय तो फरक.

मुंग्या? चौथ्या दिवशी दुसऱ्या भिंतीतून पुन्हा आल्या.

ही पावडर काय असते, ते आम्ही जाणकारांकडून समजून घेतलं. जुन्या माणसांना बीएचसी आठवत असेल, कुणी तिला गॅमेक्सिन म्हणायचं. शेतात तीच, घरात तीच, धान्याच्या पोत्याभोवतीही तीच. ती मातीतून आणि चाऱ्यातून जनावराच्या चरबीत साठते आणि दुधात उतरते. १९९७ साली तिच्यावर देशात बंदी आली. तिच्या जागी मिथिल पॅराथिऑनची दोन टक्क्यांची पावडर आली, तिला आपण फॉलिडॉल म्हणून ओळखतो. ती कातडीतूनही अंगात शिरते. तिच्यावर २०१८ साली बंदी आली. उसाच्या आणि भाजीच्या सरीत टाकायचं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालं, घरात फवारायचं डायक्लोरव्हॉसही त्याच दिवसापासून. म्हणजे आपण ज्या ज्या औषधांनी मुंग्या मारल्या, त्यांतली बरीचशी माणसाला घातक म्हणून सरकारनेच एकेक करून बंद केली. बंदी कागदावर आली, पण देवळीतला जुना डबा कुणी येऊन नेला नाही. आणि सुटी पुडी कशाची भरलेली आहे, हे सांगणारं कुणी नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग मुंग्यांनी खाऊ द्यायचं का? तसं नाही. मुंगीचा बंदोबस्त करायचाच आहे. पण आधी ती कशी चालते ते समजून घेतलं पाहिजे.

जी रांग आपल्याला दिसते, ती त्या वारुळातल्या मुंग्यांचा थोडासा हिस्सा असते. बाकीच्या आत असतात. राणी आत असते आणि अंडी घालत असते. पहिल्या मुंगीला खाणं सापडलं की परत जाताना ती वाटेवर आपल्या अंगातला वास सोडत जाते. त्या वासावर दुसरी येते, दुसरीच्या वासावर दहा येतात. पावडर टाकली की रांगेतल्या मरतात. राणी मजेत असते, ती नव्या मजूर मुंग्या तयार करते. हे पुढाऱ्याला हात न लावता कार्यकर्ते पकडून नेण्यासारखं झालं. आंदोलन त्याने मोडत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

म्हणून घरातलं पहिलं काम म्हणजे माग काढणं. रांग दिसली की लगेच पुसायची नाही. ती कुठून निघते आणि कुठे जाते, ते दोन्ही टोकांना जाऊन बघायचं. एका टोकाला गुळाचा फुटलेला डबा, तेलाचा ओघळ, सांडलेली साखर किंवा मोरीत खरकटं सापडतं. दुसऱ्या टोकाला भिंतीतली भेग सापडते. खाण्याचं टोक आधी साफ करा. मग साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून रांगेची सगळी वाट पुसा. नुसत्या झाडूने वास जात नाही. भेग सिमेंटने किंवा चुन्याने बुजवा. निम्म्या घरांत काम इथेच भागतं.

दुसरं काम पाण्याचं. पूर्वी जाळीच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या. ती युक्ती आजही चालते. पण पाण्यावर धुळीची साय धरली की मुंगी तिच्यावरून चालत जाते. म्हणून पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे मुंगी बुडते. आणि दर आठवड्याला वाट्या घासून पाणी बदला, नाहीतर मुंगी जाईल आणि डेंगीचा डास घरात पोसला जाईल.

तिसरं काम आमिषाचं. एवढ्याने भागलं नाही तरच हे करायचं. राणीपर्यंत आपला हात पोहोचत नाही, पण मुंगीचा पोहोचतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम साखर आणि पाच ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. बोरिक पावडर म्हणजे पोरं कॅरमच्या बोर्डावर टाकायची ती, पण औषधाच्या दुकानातून नाव छापलेलं पाकीट घ्या. या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्याला मुंगी जाईल एवढी भोकं पाडा आणि डबा रांगेच्या वाटेवर, भेगेजवळ ठेवा. मुंग्या ते पाणी पिऊन आत नेतात आणि राणीला व पिलांना भरवतात.

यात तीन चुका होतात, त्या आम्ही स्वतः केल्या आहेत. पहिली चूक, जास्त टाकलं तर जास्त मरतील म्हणून पावडर दुप्पट घातली. मुंग्या वाटेतच मेल्या, आत काही गेलं नाही. दुसरी चूक, आमिष ठेवल्यावर रांग वाढली म्हणून घाबरून पुसून टाकली. पहिले दोन-तीन दिवस रांग वाढणारच, वाढू द्यायची. आठ-पंधरा दिवस लागतात. तिसरी चूक, सगळ्या मुंग्यांना गोडच लागतं असं धरून चाललो. काही मुंग्या तेलकटावर जातात. त्यांच्यासाठी शेंगदाण्याच्या कुटात चिमूटभर बोरिक कालवावी लागते.

आणि एक बजावून सांगतो. बोरिक हे त्या पुडीपेक्षा खूप सौम्य असलं तरी पोटात गेलं तर विषच आहे. साखरेचं पाणी पोराला गोड लागतं. डबा पोराच्या आणि जनावराच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा, त्यावर ठळक लिहा आणि उरलेलं पाणी स्वयंपाकघरात ठेवू नका. मुंगी-झुरळांचा जो खडू मिळतो, तो शाळेच्या खडूसारखाच दिसतो, पण त्यात कीटकनाशक असतं. पोरगं तो पाटीवर घासतं आणि बोट तोंडात घालतं. तो घरात आणूच नका.

आता घरातून रानात जाऊ.

कांद्याचं रोप टाकलं की मुंग्या बी उचलून नेतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बी महाग असतं, म्हणून हात लगेच पावडरीकडे जातो. पण मुंगी उघडं बी नेते. बी टाकल्यावर चाळलेलं शेणखत आणि माती नीट पसरली, वर पाचट अंथरलं आणि वाफा ओला ठेवला, तर तिला बी सहज मिळत नाही. बी टाकायच्या आधी वाफ्याच्या कडेने फिरून वारुळं शोधा. मोकळ्या जागी असतील तर उकरून त्यात उकळतं पाणी ओता, दोन-तीन वेळा ओता. झाडाच्या मुळाशी मात्र उकळतं पाणी नको. राखेची रेघ कोरडी असेपर्यंत काम देते, पाणी लागलं की संपली.

बागेची गोष्ट निराळी आहे. आमच्याकडे लिंबाच्या बागा आहेत, राहात्याकडे पेरू आहे, संगमनेर-पारनेरकडे डाळिंब आहे. बागेत खोडावर मुंगळे चढताना दिसले की माणूस बुडाशी औषध ओततो. आम्हीही ओतलं. पुढे पानं चिकट झाली, त्यावर काजळी धरली, फळ काळं पडलं आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. मुंगळा ना पान खातो ना फळ खातो. तो वर जातो कशाला?

तो दूध काढायला जातो. मावा आणि पिठ्या ढेकूण झाडाचा रस पितात आणि अंगातून गोड, चिकट पाणी टाकतात. ते मुंगळ्याचं खाणं. आपण गाय राखतो तसा तो हे ढेकूण राखतो. त्यांना खायला ढालकिडा आला की मुंगळा त्याला हुसकून लावतो. म्हणजे खोडावर मुंगळ्यांची रांग दिसली की वर ढेकूण बसलेला आहे असं समजा. मुंगळ्याने तुम्हाला तो डोळ्यांना दिसायच्या आधी कळवलेलं असतं.

तेव्हा बागेतही माग काढा. रांग कोणत्या फांदीला जाते ते बघा. पिठ्या ढेकणाने भरलेला शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, बांधावर फेकू नका. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधा आणि पट्टीवर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर लावलं तर साल खराब होते. पट्टीवर धूळ आणि पाला बसला की ग्रीस पुन्हा लावा. एक फांदी जरी शेजारच्या झाडाला, टेकूला किंवा तारेला टेकली असेल, तरी मुंगळा तिथून वर जातो आणि पट्टी फुकट जाते. बांधावरचं गाजर गवत काढा, पिठ्या ढेकूण त्याच्यावरही जगतो. मुंगळ्यांची राखण उठली की ढालकिड्यांना मोकळं रान मिळतं. क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा पिठ्या ढेकूण खातो, तो बागेत सोडण्यासाठी विकत मिळतो. पण मुंगळे तसेच ठेवून तो सोडला, किंवा सोडल्यावर आठ दिवसांत कडक औषध फवारलं, तर पैसे पाण्यात गेले.

कीड किडीला खाते, हे पुस्तकातलं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. ऊसवाल्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. २००२ साली सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. पानाखाली पांढरी लोकर, वर काजळी, आणि उभ्या उसात फवारा मारायला माणूस शिरू शकत नाही. शेवटी तो माव्यावर जगणाऱ्या डिफाच्या अळीने आणि मायक्रोमसने आटोक्यात आणला. शेतकरी त्या अळ्या असलेली पानं एका रानातून दुसऱ्या रानात नेऊन लावत होते.

मुंगीचंही तसंच आहे. ती वाळवीची वैरी आहे, अळ्या आणि अंडी उचलून नेते, जमीन भुसभुशीत करते. चीनमध्ये इसवी सन ३०४ च्या सुमाराच्या एका ग्रंथात नोंद आहे, की लिंबूवर्गीय बागांत किडी खाण्यासाठी मुंग्यांची घरटी बाजारात विकायला येत. तेव्हा रानातल्या सगळ्या मुंग्या मारायला निघू नका. घरात, रोपाच्या वाफ्यात आणि ढेकणाच्या झाडावर तिला अडवा. बांधावर तिला तिचं काम करू द्या.

आता चळवळीचं बोलतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. चर्चा बरीचशी त्यांनी तोंडाला फडकं बांधलं होतं की नाही याभोवती फिरली. आमच्या वस्तीवरही शेळी मेली तेव्हा लोक त्या बाईलाच म्हणाले, तुला कळायला नको? तिला काय कळणार? पुडीवर एक अक्षर नव्हतं. कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालचा आहे. डब्यावर नाव, घटक, तारीख आणि विषाची खूण पाहिजे. ती खूण सगळ्यांनी ओळखावी. चौकोनाच्या खालच्या भागात लाल रंग म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. सुट्या पुडीला रंग नाही, म्हणून विष खाल्लेल्या माणसाला दवाखान्यात नेलं तरी काय खाल्लं ते डॉक्टरला सांगता येत नाही.

तशी वेळ आलीच तर एवढं लक्षात ठेवा. लाळ गळणे, घाम, उलट्या, डोळ्याची बाहुली बारीक होणे, श्वास लागणे ही त्या पावडरीची लक्षणं आहेत. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा. ओकारी काढायला मीठपाणी पाजू नका. डबा किंवा पुडी सोबत घेऊन तडक दवाखान्यात जा. यावर उतारा आहे, वेळेवर पोहोचलं पाहिजे.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन भरलं. बाईच्या कामाचा हिशेब मांडायची सवय चळवळीला तेव्हापासून आहे. धान्य राखणं, बी राखणं, उंबरा राखणं हे काम बाईचं, त्याची मजुरी नाही, आणि पावडरही तिच्याच उघड्या हाताला लागते. दुसरा हिशेब भावाचा आहे. शेतकरी सुटी पुडी हौसेने घेत नाही, ती स्वस्त पडते म्हणून घेतो. याच जिल्ह्यात पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी १ जून २०१७ ला संपाची हाक दिली, रस्त्यावर दूध ओतलं, तेव्हा मागणी घामाच्या दामाची होती. ज्याच्या दुधाला दाम नाही, त्याला विषही निनावी मिळतं.

म्हणून आम्ही बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, प्रत्येक गावच्या शाखेने घरोघर जाऊन जुन्या पुड्या आणि डबे मोजावेत. ते विहिरीत, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, चुलीत तर मुळीच नाही. यादी करून बांधून कुलपात ठेवावेत आणि कृषी खात्याकडे लेखी मागणी करावी, की हे घेऊन जा. दोन, नाव आणि पावती नसलेलं औषध कुणी विकत घेणार नाही आणि कुणी विकताना दिसलं तर शाखा तक्रार करील. तीन, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपला अनुभव लिहून आणावा. आमिष कुठे लागू पडलं, कुठे नाही, बागेतल्या पट्टीने काय झालं. चुकलेलंही लिहा, आम्ही आमच्या चुका सांगितल्याच आहेत.

ज्या घरची शेळी गेली, तिथे आता कणगी चार दगडांवर आहे. दगड पाण्याच्या पसरट भांड्यांत आहेत. पोरगं चालायला लागलं आहे आणि त्या पाण्यात हात घालून खेळतं. त्याची आई ओरडते, पण लांबून ओरडते. धावत जाऊन त्याचा हात धुवायची पाळी आता तिच्यावर येत नाही.

इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.